जुन्या करवतीपासून बाणाची टोकं कशी बनवायची

लाकडी धनुष्य घेऊन शिकार करणाऱ्यांना विकतची टोकं महाग वाटतात, पण खरं सांगायचं तर गंजून पडलेल्या एका हात-करवतीत डझनभर टोकं निघतात. करवतीचंच पातं का, तर ते कार्बन स्टीलचं असतं आणि कारखान्यातूनच पाणी देऊन (म्हणजे तापवून कडक करून) आलेलं असतं, म्हणजे भट्टीची भानगडच नाही. फक्त काम करताना ते तापू द्यायचं नाही, सगळी गोम तिथेच आहे.

१ ते १.५ मिमी जाडीचं पातं घ्या. नव्या करवतींचे दात टोकाला काळपट दिसतात, तो भाग इतका कडक असतो की कानस नुसती घसरते, तो आधी कापून टाका.

आता जाड पुठ्ठ्याचा साचा कापा, लांबी रुंदीच्या तिप्पट धरा. समजा ७५ मिमी लांब आणि २५ मिमी रुंद त्रिकोण, मागे ४० मिमी लांब नि ८ मिमी रुंद शेपूट. १ मिमी पत्र्यात हे साधारण १० ग्रॅम भरतं, म्हणजे १५५ ग्रेनच्या (बाणाच्या टोकांचं वजन याच एककात मोजतात) आसपास, घासल्यावर अजून कमी होईल. मागचे कोपरे गळासारखे उलटे वळवू नका, बऱ्याच ठिकाणी असं काटेरी टोक शिकारीला चालत नाही, किमान रुंदीचाही नियम असतो, त्यामुळे साचा कापायच्या आधीच आपल्याकडचे नियम बघून घ्या.

साचा पत्र्यावर आखा, पत्रा व्हाइसमध्ये पक्का धरा आणि कापा. हॅकसॉने वेळ लागतो, हातही भरून येतात. ग्राइंडर वापरणार असाल तर चष्मा लावा, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा आणि हातमोजे न घालता धरा, बोटाला चटका बसला की समजायचं थांबायची वेळ झाली. कडेला निळा रंग आला तर तेवढा भाग मऊ पडला, तो घासून काढा नाहीतर दुसरं टोक घ्या. माझी सुरुवातीची तीन अशीच घाईत गेली 😅

मग कानस. दोन्ही बाजूंनी साधारण २५ अंशात धार काढा, दोन्हीकडे सारखेच हात मारा नाहीतर टोक एका अंगाला झुकतं. अगदी पुढचं टोक सुईसारखं ठेवू नका, हाडावर आपटलं की वळतं, किंचित बोथट बरं. दगडावर धार लावून शेवटी चामड्यावर ओढा, लोंबता कागद न फाटता सर्रकन कापला गेला पाहिजे. सगळी टोकं वजनकाट्यावर ठेवून जड असतील ती शेपटीकडून घासा, वजनं वेगवेगळी असली की प्रत्येक बाण वेगळा पडतो.

शेपटीच्या कडांना बारीक खाचा पाडा, दोरा तिथे धरतो. दोन हॅकसॉ ब्लेड टेपने एकत्र बांधून बाणाच्या दांडीत चीर पाडा, एपॉक्सी भरून शेपूट बसवा आणि मेण लावलेला दोरा चिरेच्या खालपर्यंत घट्ट गुंडाळा, नाहीतर दांडी उभी फाटते. एपॉक्सी ओलं असतानाच बाण टेबलावर फिरवून बघा, टोक डगमगलं तर तेव्हाच सरळ करता येतं.

पातं झाकणारा भाता हवाच, आणि ठेवून देताना धारेवर तेलाचा हात फिरवा, एका दमट रात्रीतही गंज चढतो.