सव्वा महिना: बाळंतिणीचं पाणी, शेक आणि खाणं

मराठवाड्यात सव्वा महिना बाळंतिणीला हंडा-घागर उचलू देत नाहीत. ही चाल सोन्यासारखी आहे, ती जपा. सोडायच्या त्या दोन गोष्टी: पाणी तोडणं आणि बाजेखाली निखारे ठेवणं.

पाणी प्यायलं की पोट सुटतं, असं म्हणून तिला वाटी-वाटीवर ठेवतात. पोट सुटतं ते ताणलेल्या स्नायूंमुळं. पाण्याचा त्यात काही दोष नाही. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, कुंथताना टाके ताणतात, लघवीला जळजळतं. शिवाय या दिवसांत रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. त्यात तहान आणि दिवसभर पडून राहणं, म्हणजे पायात गुठळी व्हायला निमित्त. उशाशी भरलेला तांब्या ठेवा. बाळाला पाजायला बसली की दर वेळी एक ग्लास, दिवसाचे अडीच-तीन लिटर, परभणीच्या मे महिन्यात त्याहून जास्त. लघवी फिकट होत असेल तर पाणी पुरतंय. ओवा-बाळंतशोपा घालून उकळलेलं चालेल. टँकरचं असेल तर उकळूनच द्या.

शेगडीचं कारण वेगळं. बंद खोलीत निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, मायलेकरं झोपेतच गुदमरू शकतात. कंबर शेकायची तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. सिझरच्या टाक्यांवर मात्र शेक नाही आणि तेलही नाही.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. नेहमीच्या जेवणावर ज्वारीची एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एक अंडं, कपभर दूध आणि एक लाडू एवढ्यात ते भागतं. अंडं चालत नसेल तर मूठभर शेंगदाणे. पालेभाजी बंद करण्याचं काही कारण नाही.

डिंकाच्या लाडवाला पाव किलो खारीक, पाव किलो सुकं खोबरं, 100 ग्रॅम डिंक, 400 ग्रॅम गूळ, पावणेदोनशे ग्रॅम तूप. डिंक आदल्या दिवशी उन्हात ठेवा. ओलसर राहिला तर आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. मध्यम आचेवर थोडा-थोडा तळा, लाहीसारखा फुलला पाहिजे. गूळ नुसता वितळवा, पाक झाला की लाडू दगड होतात. गरोदरपणात साखर वाढली असेल तर लाडू डॉक्टरांना विचारूनच.

लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन, तेवढेच दिवस. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळी चहासोबत तर नकोच, अंगी लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात. गोळ्यांचं त्यांनाच विचारा.

तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, 100.4 फॅरनहाइटवर ताप गेला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा झटका आला, तर काढा-चाटण करत बसू नका, 108 लावा. डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली तरी तेच. गरोदरपणात बीपी नव्हतं म्हणून निर्धास्त राहू नका, ते बाळंतपणानंतरही चढतं. पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणं बहुतेकींना होतं. दोन आठवड्यांनंतरही ती गप्प-गप्प असेल, बाळाकडं बघवत नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर बोला, बोलणं मराठीत होतं. जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर तिला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.