मोलची गणितं: आधी मोलवर या, मग पुढे जा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत अकरावीचं पोर रसायनशास्त्रात हमखास अडतं ते इथे: ग्रॅम दिलेत, अणू विचारलेत, तर गुणायचं की भागायचं?

रफ पानावर एका ओळीत तीन शब्द लिहा: ग्रॅम – मोल – कण. मोल, म्हणजे ६.०२२ × १०²³ कणांचा गठ्ठा, मधोमध. ग्रॅमवरून थेट कणांवर उडी मारायची नाही.

१. ग्रॅमवरून मोलवर येताना मोलर वस्तुमानाने (एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान) भागा.
२. मोलवरून कणांवर जाताना ६.०२२ × १०²³ ने गुणा.
३. उलट यायचं असेल तर क्रियाही उलट.

उदाहरणार्थ, ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. मोलर वस्तुमान ४४, म्हणजे ०.१ मोल. रेणू झाले ६.०२२ × १०²². एका रेणूत कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून प्रश्नात 'एकूण अणू' असेल तर याला ३ ने गुणा: १.८०६६ × १०²³. फक्त ऑक्सिजनचे अणू हवे असतील तर २ ने: १.२०४४ × १०²³. पेपर काढणारा हे तिन्ही आकडे पर्यायांत बरोब्बर पेरून ठेवतो, त्यामुळे 'रेणू' की 'अणू' या शब्दाखाली आधी पेन्सिलीने रेघ मारा.

सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो. पर्याय लांबलांबचे असतील तर ६.०२२ ऐवजी सरळ ६ धरा. आणि कणांच्या उत्तरात दहाचा घात ऋण आला, तर कुठेतरी गुणण्याऐवजी भागलंय.

एक सांभाळा: ऑक्सिजन वायू म्हटलं की मोलर वस्तुमान ३२ घ्यायचं, १६ नाही; त्याच्या रेणूत दोन अणू असतात.