घरच्या सर्व्हरला नाव दिलं, फोनवर उघडेना

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पाय-होल (जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस सर्व्हर, डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) होतंच, त्यातच लोकल डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे घरापुरती नाव-पत्त्याची नोंद, टाकून फोटो सर्व्हरला नाव दिलं, म्हणजे आईला १९२.१६८.१.२० असले आकडे लक्षात ठेवायला नकोत. नावाच्या शेवटी डॉट लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी (डीएनएस सर्व्हरशिवाय उपकरणं एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) राखीव आहे, मी फोटो डॉट होम डॉट अर्पा ठेवलं, होम डॉट अर्पा २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठीच दिलंय. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी फिक्स केला.

लॅपटॉपवर लगेच चाललं पण फोनवर काही केल्या उघडेना, खूप शोधल्यावर कळलं की ब्राउझरचं सिक्युअर डीएनएस चालू आहे, ते पाय-होलला विचारतच नाही, थेट बाहेर विचारतं, आणि बाहेर हे नाव कुणाला माहीत असणार! ते बंद केलं, डीएचसीपीमधला (उपकरणांना आयपी आणि डीएनएसचा पत्ता वाटणारी सेवा) दुसरा पब्लिक डीएनएसपण काढला, मग चाललं.