कोल्हापुरात नवीन आलात? मशीनवर चढणारं ड्रॉइंग आधी नीट बघा

लातूर, नांदेड, बीडकडची पोरं दरवर्षी कोल्हापूरला येतात. कुणी आयटीआय करून उद्यमनगरात, शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर, हेल्परी धरतो, कुणी रायफल शिकायची म्हणून नेमबाजीच्या रेंजजवळ खोली घेतो. मीही लातूर जिल्ह्यातून असाच आलो आणि आता उद्यमनगरात जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट मशीनवर करून द्यायचं, छोटं शॉप चालवतो. खोली शॉपपासून चालत जाण्याइतकी जवळ बघा, डिपॉझिटची पावती मागून घ्या, ओव्हरटाइमचे तास स्वतःच्या वहीत रोज लिहा. एवढं गावाकडचा कुणीही सांगेल. मोबाइलवरून बंदुकीच्या सुट्या भागांची जी खरेदी-विक्री चालते, तिच्याबद्दल मात्र नव्या पोरांना कुणी बसवून सांगत नाही. त्यात हकनाक अडकतो तो नवखाच, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे नुसती अख्खी बंदूक नाही. तिचे सुटे भाग त्यात येतात, बार उडाल्यावर होणारा आवाज किंवा ज्वाळ कमी करणारी जोडणी येते आणि शस्त्र बनवायची यंत्रसामग्रीही येते. कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, दुसऱ्याला देणं, त्यात फेरफार करणं किंवा ते दुरुस्त करणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नुसतं विनापरवाना जवळ बाळगलं तरी 2 ते 5 वर्षं. ‘मी फक्त एक पार्ट केला, पूर्ण बंदूक कुठं केली’ हा बचाव या व्याख्येपुढं टिकत नाही.

आता हे काम शॉपवर येतं कसं, ते बघा. ऑनलाइन बाजारात आपल्या शॉपचं नाव टाकलेलं असतं, तिथून चौकशी येते. मग बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर सरकतं. पीडीएफ येते, पण खालच्या उजव्या कोपऱ्यातला रकाना, जिथं कंपनीचं नाव, पार्टचं नाव आणि रिव्हिजन नंबर असतो, तो कापलेला असतो. मटेरियल चांगलं, टॉलरन्स (मापातली चालणारी चूक) कडक, नग थोडे, दर मात्र नेहमीच्या दुप्पट. विचारलं कशाला लागतंय, तर उत्तर येतं ‘खेळण्याचा पार्ट आहे’ नाहीतर ‘साफसफाईचं किट आहे’. मालाचं डिलिव्हरी चलन नको, बिल नको, पैसे यूपीआयवर, माल कुरियरनं तिसऱ्याच नावावर. यातली एखादीच गोष्ट असेल तर घाईत काम करणारं गिऱ्हाईक असू शकतं. सगळ्या एकत्र आल्या की मशीन बंद करायचं आणि मालकाला बोलवायचं.

साफसफाईच्या किटचं जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी साइटवर ते उघड विकलं जातं. एक आट्यांची नळी आणि तिच्यात एकामागं एक बसणाऱ्या वाट्या, म्हणे बंदूक धुताना रसायन गोळा करायला; खरं तर ते आवाज दाबणारं साधन बनवायला वापरतात. अमेरिकेत आवाज दाबणाऱ्या साधनाची व्याख्या अशी आहे, की ते बनवण्यासाठीच आणलेले सुटे भागही त्यात मोडतात. असली किटं मागवणाऱ्यांवर तिथं कारवाया झालेल्या आहेत. तसंच पिस्तुलाच्या मागं बसणारं बोटाच्या पेराएवढं ‘स्विच’ असतं. त्यानं एकेक गोळी झाडणारं पिस्तूल चाप धरून ठेवला की सलग झाडू लागतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात तो एवढासा तुकडा एकटाच मशीनगन धरला जातो आणि 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे ‘माल बाहेरदेशी जाणार आहे, इथं कोण विचारतंय’ असं कुणी म्हणालं, तर बनवणं इथं गुन्हा, परवान्याशिवाय बाहेर पाठवणं इथं गुन्हा, आणि घेणाराही तिकडं गुन्हेगार. तुमच्या हातचा पार्ट पुढं कुणावर चालेल, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मला रात्री त्रास देणारी गोष्ट हीच आहे.

संरक्षणाची कामं बेकायदा असतात असं मी म्हणत नाही. पण ती परवानाधारक कंपनीकडून रीतसर पर्चेस ऑर्डरनं, कागदपत्रांसह येतात. आपल्या शॉपला ते काम घेता येतं का, हे मालकानं वकिलाकडून आधी तपासायचं. ऑपरेटरनं आणि हेल्परनं स्वतःच्या अंगावर, सुट्टीच्या दिवशी, ‘एवढं करून दे, पाचशे देतो’ म्हणून काहीही करायचं नाही.

हे ‘एवढं करून दे’ प्रकरण इथं वेगळ्या वाटेनंही येतं. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडं रानडुक्कर आणि गवे पिकात येतात. काही घरांत पीकसंरक्षणाचा परवाना आणि आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर असते. बंदुकीचा घोडा झिजला, की कुणीतरी ओळखीनं शॉपवर येतो. माणूस सज्जन, परवाना खरा, बंदूकही परवान्यावर चढलेली. ‘मोबाइलवर फोटो आहे, ऑनलाइन मिळतोय पण महाग सांगतोय, तू कापून दे की भावा.’ नाही म्हणायला जड जातं, मला ठाऊक आहे. पण परवाना त्याला बंदूक बाळगायचा आहे, तुम्हाला ती दुरुस्त करायचा नाही. त्याला हात जोडून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं, दुरुस्तीचाही परवाना असलेल्याकडं पाठवा. आणि अशी बंदूक विकायची म्हणून तिचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत असेल, तर त्यालाही थांबवा. खाजगी वापरातली परवान्याची बंदूक परवाना असलेल्या दुसऱ्याला देता येते, पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जावे लागतात. इथं त्याची चौकशी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात करायची.

आता नेमबाजीसाठी आलेल्या पोरापोरींकडं वळतो. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. ही नावं ऐकूनच तुम्ही इथं येता आणि ते फार चांगलं आहे. पण खेळ महाग आहे, म्हणून पोरं पहिल्याच महिन्यात जुनं साहित्य ऑनलाइन शोधायला लागतात.

स्पर्धेची 10 मीटरची एअर रायफल 4.5 मिमी, म्हणजे .177 बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) असते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे बोअर त्याहून मोठा किंवा ताकद 20 ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर एअरगनलाही परवाना लागतो. ऑनलाइन विकणारा ‘.22 ची बॅरल बसवून घे, स्प्रिंगही बदल, लई भारी मारते’ असं सांगतो. तुम्ही घरी पान्यानं बॅरल बदलता आणि सकाळपर्यंत विनापरवाना चालणारी गोष्ट संध्याकाळी परवान्याची झालेली असते. विकणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही.

दुसरं, सिलिंडर. रायफलच्या बॅरलखाली असतो तो हवेचा सिलिंडर साधारण 200 बार दाबाला भरतात. त्याच्या अंगावर तारीख कोरलेली असते, त्याची मुदत असते, आणि ती संपली का नाही हे बघणं स्पर्धेच्या नियमातही खेळाडूवरच आहे. ऑनलाइन फोटोत नेमकी तीच बाजू खाली केलेली असते. तारखेचा जवळून फोटो मागा. तो टाळत असेल, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मुदत संपलेला सिलिंडर भरताना चेहरा त्याच्या शेजारीच असतो. एअर पिस्तुलाचा ट्रिगर घेणार असाल तर तो 500 ग्रॅमचं वजन उचलतो का, हे कोचसमोर वजन लावून बघा. कुणीतरी घरी हलका करून विकलेला निघाला तर स्पर्धेत साहित्य-तपासणीलाच बाहेर. सगळ्यात बरं म्हणजे रेंजवरच विचारा. दरवर्षी कुणीतरी खेळ सोडतो, कुणी नवीन रायफल घेतो. ती वस्तू कोचनं बघितलेली असते आणि विकणारा समोर उभा असतो. परदेशातून थेट पार्सल मात्र मागवू नका, शस्त्र आणि त्याचे भाग आणायला कलम 10 प्रमाणे आयात परवाना लागतो.

फसवणूक वेगळीच. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, रायफल स्वस्तात देतो’ म्हणून ओळखपत्राचा फोटो येतो, मग गाडीभाड्याचे पैसे, मग ‘पार्सल कस्टमला अडकलंय’ म्हणून दंडाचे पैसे. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. गेलेच पैसे, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. बंदुकीच्या भागाचा सौदा असला की पोरं भीतीनं तक्रारच करत नाहीत, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

आणि चुकून असं ड्रॉइंग किंवा अशी चौकशी आलीच, तर चॅट पुसू नका. मालकाला दाखवा, स्क्रीनशॉट ठेवा, जवळच्या ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. पोलिसांनी बोलावलं तर पळून गावी जाऊ नका. जॉबकार्ड, चलनं, हजेरीचं पान घेऊन जा. ज्याचा कागद आहे, त्याचं ऐकलं जातं. वकिलाला पैसे नसतील तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही तिथं वकील फुकट मिळतो. जाताना आधार कार्ड आणि शॉपचं ओळखपत्र सोबत ठेवा.