रिमोटवर चालणाऱ्या टेस्ट उपकरणांचे एरर कसे तपासावेत

काँप्युटरवरून पॉवर सप्लायला १२ व्होल्टची कमांड पाठवली आणि तिच्यात एक अक्षर चुकलं, तर सप्लाय ती कमांड टाकून देतो. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एरर उमटतो आणि आउटपुटला आधीचाच व्होल्टेज राहतो. स्क्रिप्टला यातलं काहीच कळत नाही, ती रीडिंग घेत सुटते. उपकरण आपणहून तक्रार करत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि वेळच्या वेळी विचारावं लागतं.

विचारायची भाषा बऱ्याच कंपन्यांच्या उपकरणांत सारखी असते. स्टारने सुरू होणाऱ्या सामायिक कमांड आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८७च्या ४८८.२ मानकातल्या, आणि त्यावर १९९०मध्ये एससीपीआय ही कमांडची भाषा उभी राहिली. लॅबमध्ये तिला ‘स्किपी’ म्हणतात. केबल जीपीआयबीची (टेस्ट उपकरणं काँप्युटरला जोडायची खास केबल) असो, यूएसबीची असो की लॅनची, प्रश्न तेच. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांतच करा.)

सुरुवातीला *आयडीएन? विचारून समोर नेमकं कोणतं उपकरण आहे ते बघा. मग *आरएसटी आणि त्यानंतर *सीएलएस द्या. पुष्कळ जण *आरएसटीवरच थांबतात. त्याने सेटिंग मूळपदावर येतात, पण जुन्या एररची रांग तशीच राहते (ती *सीएलएसने पुसली जाते) आणि कालच्या चुकीचं खापर आजच्या कमांडवर फुटतं.

आता मुख्य काम. प्रत्येक सेटिंगनंतर एसवायएसटी:ईआरआर? विचारा. एका वेळी एकच एरर मिळतो, सर्वांत जुना आधी. म्हणून उत्तरात ० येईपर्यंत विचारत राहायचं. -११३ म्हणजे कमांडचं नावच उपकरणाला ओळखता आलं नाही. -२२२ म्हणजे कमांड कळली, पण आकडा मर्यादेबाहेरचा होता. -३५० दिसला तर रांग भरून वाहिली आणि नंतरचे एरर हरवले. कमांड पाठवणं आणि एरर विचारणं एकाच फंक्शनमध्ये बांधा आणि लॉगमध्ये एररशेजारी ती कमांडही छापा. याने शोधाशोधीचे तास वाचतात.

दुसरा प्रश्न *ईएसआर?. उपकरण काय काय घडलं याची नोंद एका रजिस्टरमध्ये, म्हणजे छोट्या स्मृतिकप्प्यात, ठेवतं आणि हा प्रश्न तो कप्पा वाचतो. याचं उत्तर एकच आकडा असतो आणि तो फोडून वाचायचा: ४ प्रश्नोत्तराचा गोंधळ, ८ उपकरणातला बिघाड, १६ कमांड अमलात आणता आली नाही, ३२ कमांडच चुकीची. ३६ आला तर ३२ अधिक ४: प्रश्न चुकीचा लिहिला आणि शिवाय न आलेलं उत्तर वाचायला गेलात. हे रजिस्टर वाचलं की पुसलं जातं, म्हणून आकडा लगेच व्हेरिएबलमध्ये ठेवा.

याच रजिस्टरमधला १२८ मी कधीच विसरणार नाही. रात्रभराची टेस्ट लावली होती, काँप्युटर यूपीएसवर, सप्लाय थेट भिंतीच्या सॉकेटवर. मध्यरात्री क्षणभर लाइट गेली असणार. सप्लाय परत चालू झाला तो आउटपुट बंद ठेवूनच, आणि तिथून पुढे लॉगमध्ये नुसती शून्यं. आम्ही दिवसभर सर्किटवर संशय घेत बसलो. शेवटी *ईएसआर? विचारलं, उत्तर १२८: उपकरण बंद होऊन पुन्हा सुरू झालंय. सुरुवातीला *सीएलएस दिलेलं असेल तरच या आकड्याला अर्थ असतो. तेव्हापासून लांब टेस्टमध्ये मी दर फेरीला हे विचारतो.

वेळ खाणाऱ्या कामानंतर अंदाजाने पाच सेकंद थांबू नका. *ओपीसी? पाठवा, काम संपलं की उत्तर १ येतं. तेवढा वेळ पुरेल इतका टाइमआउट मात्र वाढवून ठेवा.

सतत विचारायचं नसेल तर *ईएसई ६० (४, ८, १६, ३२ यांची बेरीज) आणि *एसआरई ३२ (हा ३२ वेगळा, *ईएसआर?च्या रजिस्टरमधली खबर पुढे पोचवणारा) लावा. ४, ८, १६, ३२ यांपैकी काहीही घडलं की जीपीआयबीवर उपकरण स्वतः सर्व्हिस रिक्वेस्टची, म्हणजे ‘माझ्याकडे बघा’ सांगणारी, लाइन ओढतं.

आणि मल्टिमीटरच्या रीडिंगमध्ये ९.९ई३७ (९.९ गुणिले १०चा ३७वा घात) आला, तर तो व्होल्टेज नव्हे. इनपुट रेंजबाहेर गेल्याची ती खूण आहे. सरासरी काढण्याआधी असे आकडे वेगळे काढा, नाहीतर एकच रीडिंग अख्ख्या रात्रीची सरासरी नासवतं.