मूळ वाणाचे गप्पी, एंडलर आणि प्लॅटी: टाकी भरताना या चुका टाळा

एंडलर या छोट्या शोभेच्या माशाच्या तीन माद्या आणि चार नर आणले तेव्हा माझ्या टाकीत गप्पी आधीपासून होते. वर्षभरात टाकी पिल्लांनी गच्च भरली, पण त्यात एकही एंडलर उरला नव्हता. रोग आला नव्हता, कुणी कुणाला खाल्लं नव्हतं. दोन्ही जातींचा संकर झाला होता. अंगावरचा हिरवा चकचकीत रंग आणि काळे डाग पिढीगणिक फिकट होत गेले, शेपट्या पसरत गेल्या. अंडी न घालता थेट पिल्लं घालणाऱ्या या माशांच्या टाकीत मी सर्वांत जास्त नमुने या एका चुकीमुळे बिघडलेले पाहिले आहेत, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

चुलत भावंडं एका टाकीत

एंडलर हा व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळच्या लागुना दे लॉस पातोस या तळ्यातला मासा. 1937 मध्ये फ्रँकलिन बाँड यांनी तो गोळा केला, 1975 मध्ये जॉन एंडलर यांना तो पुन्हा सापडला, आणि पोसिलिया विंगेई हे शास्त्रीय नाव मिळायला 2005 उजाडलं. गप्पीशी त्याचं नातं इतकं जवळचं आहे की त्यांच्या संकरातून झालेली पिल्लंही पुढे वंश वाढवतात.

चूक लक्षात आली की बहुतेक जण गप्पीचे नर बाहेर काढतात आणि निश्चिंत होतात. पण या माद्या नराचे शुक्राणू महिनोन् महिने शरीरात साठवून ठेवतात. नर कधीच गेलेला असतो, तरी दर चार आठवड्यांनी त्याची पिल्लं येतच राहतात. एकदा मिसळ झाली की त्याच माद्यांपासून शुद्ध वाण परत मिळवायचा विचार सोडून द्या. नवीन जोड्या आणा, त्याही नर-मादी लहानपणीच वेगळे करून वाढवणाऱ्याकडून.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल (शेपटीला तलवारीसारखं टोक असलेला मासा) यांचंही तसंच. दुकानात मिळणारे बहुतेक लाल-केशरी स्वोर्डटेल मुळात याच संकरातून आलेले आहेत. काळे ठिपके असलेल्या काही प्लॅटींचा स्वोर्डटेलशी संकर करून ती पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशी जुळवली, तर काहींच्या अंगावर मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, उठतो. 1920 च्या दशकापासून शास्त्रज्ञ यावर काम करत आले आहेत. संकरित माशाच्या अंगावर वाढत जाणारी काळी गाठ दिसली तर ती बुरशी समजून औषधं ओतत बसू नका.

गावरान बियाणं जपणारा शेतकरी दोन वाणांचा मका शेजारी-शेजारी पेरत नाही. इथेही नियम तोच: गप्पी किंवा एंडलर, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल, आणि मॉली या पिल्लं घालणाऱ्याच माशाची एकच जात. माझ्या तीन फुटी टाकीत एंडलर, मूळ वाणाचे प्लॅटी आणि तळाला राहणारे कॉरिडोरास मासे अशी मंडळी गुण्यागोविंदाने राहतात.

गप्पी म्हणून आणलेला गॅम्बुसिया

आपल्याकडे डास आवरायला विहिरींत आणि हौदांत गप्पीही सोडतात आणि गॅम्बुसियाही. तिथून "साधे गप्पी" म्हणून कुणी पिशवी आणून दिली तर आधी नीट निरखा. गॅम्बुसियाच्या मादीचं तोंड जास्त वर वळलेलं असतं आणि शेपटीवर बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात. नरांना गप्पीसारखे रंग नसतात. हा मासा इतरांच्या शेपट्या कुरतडतो, पिल्लं फस्त करतो. एकत्र टाकीत त्याला जागाच नाही. कितीही गरीब वाटला तरी नाही.

पाणी मऊ, आणि उपाय म्हणून मीठ

मॉली एका जागी उभी राहून अंग डुलवते, पंख मिटून घेते, खाणं सोडते. मुंबई-ठाण्याच्या टाक्यांत ही तक्रार नेहमीची. तानसा, वैतरणा, भातसा या पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांचं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी. हे मासे मात्र क्षार असलेल्या पाण्यातले. त्यातून काही जण शुद्ध म्हणून आरओचं पाणी भरतात, तेव्हा उरलेसुरले क्षारही जातात.

मग कुणीतरी मीठ टाकायला सांगतं. टीडीएस मीटरवरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा चढतो आणि आपण खूश होतो. पण मिठात सोडियम आणि क्लोराइड असतं, कॅल्शियम नाही. पाणी तितकंच मऊ राहतं. टीडीएस मीटर हा फरक दाखवू शकत नाही, त्यासाठी जीएचचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कठीणपणा मोजणारं, टेस्ट किट लागतं. माझ्या मते या माशांच्या टाकीसाठी पहिले पैसे त्यावरच खर्च करावेत. जीएचचा आकडा 10 अंशांच्या (dGH) पुढे असेल तर बरं. कमी असेल तर धुतलेल्या शिंपल्यांचा किंवा कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवडे धीर धरा. एका रात्रीत बदल केलात तर मासे त्यानेच आजारी पडतील.

बादलीला पांढरा थर धरणारं बोअरचं पाणी ज्यांच्या घरी येतं, त्यांनी या बाबतीत काळजी करू नये. इतरांना नकोसं वाटणारं ते पाणी या माशांना चांगलं मानवतं.

थंड प्रदेशातला मासा मे महिन्यात

फुलपाखरी गुडीड, म्हणजे अमेका स्प्लेंडेन्स, फोटोत पाहून मन वेडं होतं. पण हा मेक्सिकोच्या पठारावरचा, 20 ते 24 अंशांत खुलणारा मासा. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी 31-32 अंशांवर जातं आणि त्यातला प्राणवायूही घटतो. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसेल तर आणू नका. शिवाय तो लांब पंखांना चावे घेतो, त्यामुळे गप्पींसोबत नकोच. तरीही ज्यांनी तो पाळला आहे, त्यांच्यासाठी एक खूण: नवजात पिल्लाच्या पोटामागे लोंबणारे दोरे म्हणजे जंत नव्हेत. त्यातून पिल्लाला आईच्या पोटात अन्न मिळत असतं, काही दिवसांत ते नाहीसे होतात. याउलट मोठ्या गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे बाहेर डोकावत असतील तर ते कॅमॅलानस जंत आहेत, तिथे उपचार हवेतच. नवे मासे चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवले तर असलं दुखणं मुख्य टाकीत शिरण्याची शक्यता खूप कमी होते.

गुडीडच्याच कुळातला झूगोनेटिकस टकीला हा छोटा मासा त्याच्या तेउचित्लान गावच्या झऱ्यांतून नाहीसा झाला होता. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठात पोहोचल्या, आणि त्यांचीच प्रजा पुढे त्या झऱ्यांत परत सोडली गेली. त्या पाच जोड्यांत दुसरा वाण मिसळलेला असता तर परत सोडायला काय उरलं असतं, हे मला टाकीपाशी बसल्यावर नेहमी आठवतं.

नर जास्त, आणि पिल्लांचा हिशेब नाही

नर रंगीत म्हणून जास्त घेतले जातात. मग ते माद्यांच्या मागे दिवसभर लागतात, आणि मादी फिल्टरच्या मागे कोपऱ्यात दडून राहते. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर फक्त नरच पाळा. स्वोर्डटेलचे दोन नर छोट्या टाकीत ठेवले तर एकाची फरफट ठरलेली. त्यांना टाकी लांब हवी आणि वर झाकणही हवं, कारण ते उडी मारतात.

दोन फुटी टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावतं. पाच माद्यांनी वीस-वीस पिल्लं दिली तर महिन्यात शंभर होतात. म्हणून मासे आणण्याआधीच ठरवा, की ही पिल्लं जाणार कुठे. नदी, ओढा, गावचं तळं हे उत्तर नाही, तिथल्या आपल्या माशांवर त्याने संकट येतं. दुसऱ्या हौशी माणसाला द्या, आणि देताना पिशवीवर जात, मूळ ठिकाण आणि कुणाकडून आले ते लिहा. ठिकाण माहीत नसेल तर तेही स्पष्ट लिहा.