पावसाळी फिरस्तीतले फोटो आयनॅचरलिस्टवर कसे टाकावेत

जुलै ते ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीत फिरून आलेल्या कोणाचाही फोन उघडून बघा. धबधबा, भजी, ग्रुप फोटो यांच्या अधेमधे एखादा हिरवा बेडूक, जाळ्यात बसलेला कोळी, नाव माहीत नसलेलं जांभळं फूल हमखास असतं. ते फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातात, चार अंगठे मिळतात आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या मेसेजखाली गाडले जातात. मला याची खरोखर हळहळ वाटते. अमुक जीव अमुक ठिकाणी अमुक तारखेला होता, एवढी पक्की नोंद त्या फोटोत असते आणि ती कुणाच्याच हाती लागत नाही.

अशा फोटोंसाठी माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे आयनॅचरलिस्ट. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात २००८ साली विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. संकेतस्थळ आणि ॲप दोन्ही फुकट वापरता येतात. तुम्ही फोटो टाकता, जगभरातले जाणकार आणि हौशी लोक त्यातला जीव ओळखायला मदत करतात. ओळख पक्की झालेल्या नोंदी पुढे जीबिफ या जागतिक माहितीसाठ्यात जाऊ शकतात आणि संशोधक त्या तिथून घेतात. महागडा कॅमेरा लागत नाही. फोटो सुंदरच हवा असंही नाही, त्यावरून जीव ओळखता आला म्हणजे झालं.

पायरी १: घरातून निघण्याआधी फोन तयार करा

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन चालू आहे का ते बघा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते. वेगळा कॅमेरा वापरत असाल तर त्याचं घड्याळ तपासा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते आणि मग श्रावणातली फुलं जानेवारीत फुलल्यासारखी दिसतात. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर त्याच जागी फोनने एक साधा फोटो काढून ठेवा, जागा त्यावरून लावता येते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही सगळी माहिती गळून जाते, आणि फोटोही दाबला गेल्यामुळे बारकावे पुसट होतात. स्क्रीनशॉटचंही तेच, त्याच्यावर तारीख पडते ती स्क्रीनशॉट काढल्याची. मित्राच्या फोनमधून आपलेच फोटो घ्यायचे असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मित्राने काढलेला फोटो मात्र मित्रानेच त्याच्या खात्यावर टाकावा. दुसऱ्याचा किंवा नेटवरून उचललेला फोटो इथे चालत नाही.

पायरी २: ओळखीची खूण टिपा

मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन तो या पायरीसाठी. आपला हात आपसूक सुंदर कोनाकडे जातो आणि ओळख पटवणारी खूण बहुतेक वेळा दुसऱ्याच बाजूला असते.

पिवळ्या ग्रास यलो फुलपाखरांचं घ्या. पावसाळ्यात ओल्या मातीवर त्यांचे थवेच्या थवे बसलेले असतात. उडताना सगळी सारखीच पिवळी. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या पुढच्या पंखाची खालची बाजू जवळून बघितली की बुडाकडच्या भागात बारीक तपकिरी खुणा दिसतात. कॉमन ग्रास यलोला तिथे साधारणपणे दोन खुणा असतात आणि थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. तुमच्या फोटोत पंख पसरून बसलेलं फुलपाखरू वरून टिपलेलं असेल, तर कितीही मोठा जाणकार आला तरी तो नुसतं ग्रास यलो म्हणून थांबेल. म्हणून एक फोटो बाजूने, पंख मिटलेले असताना घ्याच.

सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर दिसणाऱ्या कवल्याच्या फुलांचंही तसंच आहे. पिवळ्या फुलावर लाल ठिपके असतात म्हणून लोक त्यांना मिकी माऊस म्हणतात आणि समोरून फोटो काढून पुढे जातात. या गटातल्या वनस्पती वेगळ्या करताना फुलाच्या मागचा हिरवा कोश, त्याच्यावरच्या शिरा आणि लव बघावी लागते. म्हणून फूल समोरून टिपलंत की एक फोटो मागून घ्या, एक पानांचा घ्या आणि एक पूर्ण झाडाचा घ्या. फूल तोडायची काही गरज नाही. फोन खाली नेऊन तिरका धरला की मागची बाजू येते.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. नेच्याच्या पानाची खालची बाजू हवी, कारण बीजाणूंचे ठिपके तिथे असतात. अळंबीची छत्रीखालची बाजू आणि देठाचा बुडखा हवा. चतुर आणि टाचणी यांचा फोटो बाजूने घ्या, छातीवरचे पट्टे आणि शेपटीचं टोक स्पष्ट यायला हवं. कोळ्याची पाठ, जमलं तर समोरून डोळे, आणि जाळं असेल तर जाळं. साप दिसला तर आहात तिथूनच झूम करा. त्याला काठीने सरळ करून फोटो काढणं हा मूर्खपणाही आहे आणि क्रूरपणाही.

बेडकांसाठी आवाज जपा. पश्चिम घाटातले झुडपांवरचे छोटे बेडूक दिसायला इतके सारखे असतात की नुसत्या फोटोवरून जाणकारही हात टेकतात, पण प्रत्येक जातीची साद वेगळी असते. आयनॅचरलिस्टवर ध्वनिमुद्रणही टाकता येतं. फोनचा रेकॉर्डर सुरू करून अर्धा मिनिट गप्प उभे राहा.

आणि काही फोटो काढूच नयेत. घरट्यावर पक्षी बसलेला असेल तर जवळ जाऊ नका, चांगल्या चौकटीसाठी फांद्या बाजूला करू नका. मे-जूनमध्ये पुरुषवाडी, भंडारदरा भागात काजवे बघायला गर्दी होते. तिथे फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. काजवे उजेडाच्या इशाऱ्यांवरच जोडीदार शोधतात, आपल्या झगमगाटात त्यांना ते इशारे दिसत नाहीत.

पायरी ३: एक जीव, एक नोंद

एकाच जीवाचे चार कोनांतून काढलेले फोटो एकाच नोंदीत टाका. वेगळे जीव असतील तर वेगळ्या नोंदी करा. नवखे लोक एका सहलीचे वीस फोटो एकाच नोंदीत घालतात आणि मग कोणाला काय ओळखायचं तेच कळत नाही.

गंमत तेव्हा येते जेव्हा एका फोटोत दोन जीव असतात. समजा, गॅलरीतल्या कुंडीत कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी बसली आहे. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. हाच फोटो दोन नोंदींत वापरता येतो, एक अळीची आणि एक कढीपत्त्याची. अळी आपणहून आलेली आहे, म्हणून ती नोंद रानटी जीवाची. कढीपत्ता तुम्ही लावलेला आहे, म्हणून त्या नोंदीवर कॅप्टिव्ह किंवा कल्टिव्हेटेड ही खूण करायची. ही खूण न केल्यामुळे बागेतली जास्वंद आणि सोसायटीतला गुलमोहर रानात उगवल्यासारखे नकाशावर दिसू लागतात. अळीच्या नोंदीत ती कोणत्या झाडावर होती तेही लिहा, ओळखणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

पायरी ४: जागा नेमकी द्या, गरज असेल तिथे लपवा

फोटोत लोकेशन असेल तर जागा आपोआप येते. नसेल तर नकाशावर हाताने लावा आणि जागा किती नेमकी आहे ते दाखवणारं भोवतीचं वर्तुळ प्रामाणिक ठेवा. नुसतं ‘सातारा’ टाइप करून सोडलंत तर वर्तुळात अख्खा जिल्हा येतो आणि जीव पठारावरचा की नदीकाठचा ते समजत नाही.

पण प्रत्येक जागा उघड करायची नसते. कंदीलपुष्पाच्या काही जाती फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. त्यांचे कंद उकरून नेले जातात आणि फोटोसाठी येणाऱ्यांच्या पायाखालीही त्या सापडतात. ऑर्किड, काही सरडे आणि साप यांनाही हाच धोका आहे. अशा नोंदीला ऑब्स्क्युअर्ड हा पर्याय निवडा. मग खऱ्या जागेऐवजी साधारण २० किलोमीटरच्या चौकटीतला कुठलातरी बिंदू लोकांना दिसतो. संकटात असलेल्या कित्येक जातींसाठी संकेतस्थळ हे आपोआप करतं, पण त्याच्यावर विसंबू नका. वर्णनात ‘देवळामागच्या कड्याखाली’ असं लिहून आपणच जागा फोडू नका, आणि तीच जागा दुसऱ्या ॲपवर टॅग करू नका.

घरातून किंवा गॅलरीतून काढलेल्या फोटोंनाही हाच पर्याय लावा. रोज एकाच बिंदूवरून नोंदी पडल्या की तुमचा पत्ता कोणालाही कळतो.

पायरी ५: जेवढं ठाऊक आहे तेवढंच नाव द्या

फोटो चढवला की ॲप स्वतः काही नावं सुचवतं. ती बऱ्याचदा बरोबर असतात, बऱ्याचदा नसतातही. आपल्याकडच्या किड्याला अमेरिकेतल्या जातीचं नाव चिकटलेलं मी पुष्कळदा बघितलं आहे. सुचवलेली जात आसपास कधी नोंदली गेली आहे का ते बघा. खात्री नसेल तर वरच्या पातळीवर थांबा. फुलपाखरू, कोळी, बेडूक एवढं लिहिलं तरी चालतं. मात्र रकाना कोरा ठेवू नका, कारण जाणकार आपापल्या गटाच्याच नोंदी चाळतात. कोळ्यांच्या अभ्यासकाला तुमची नोंद दिसायची असेल तर तिच्यावर निदान कोळी एवढं तरी असायला हवं.

पायरी ६: परवाना ठरवा

खातं उघडताना फोटोंचा परवाना ठरतो आणि तिथे फारसं कोणी बघत नाही. आधीपासून निवडलेला पर्याय सीसी बाय-एनसी असतो. म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही फोटो वापरू शकतो, धंद्यासाठी मात्र नाही. या परवान्यातल्या नोंदी जीबिफला जाऊ शकतात. सर्व हक्क राखून ठेवलेत तर जात नाहीत. आपला फोटो मराठी विकिपीडियावरच्या लेखात लागावा असं वाटत असेल तर सीसी बाय निवडा, कारण धंद्याची अट असलेले फोटो विकिपीडिया घेत नाही.

फोटोवर मधोमध आपलं नाव छापणं टाळा. श्रेय परवान्यामुळे मिळतंच, आणि ते नाव नेमकं पंखावरच्या खुणांवर बसलेलं असतं.

पायरी ७: उत्तर आल्यावर

कधी दहा मिनिटांत ओळख येते, कधी दोन वर्षांनी. फुलपाखरं आणि पक्षी लवकर ओळखले जातात, माश्या आणि गवतं वाट बघायला लावतात. ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे पक्की ठरते.

त्यामुळेच ॲग्रीचं, म्हणजे दुसऱ्याने दिलेलं नाव मान्य असल्याचं बटण जपून दाबा. कोणी नाव सुचवलं की आभार मानल्यासारखं ते दाबायची सवय लागते. पण ओळख देणारे दोघेच असले तर त्यांचं एकमत झालं की नोंद पक्की ठरते, आणि त्या दोघांतले एक तुम्हीच असता. ती खूण तुमच्या डोळ्यांना दिसली आणि पटली, तरच दाबा. आभार मानायचे असतील तर टिप्पणीत लिहा. ‘सर, हे कशावरून ओळखलंत?’ असं विचारलं तर बहुतेक जण आनंदाने सांगतात. माझं फुलपाखरांचं जवळजवळ सगळं शिक्षण अशा उत्तरांतून झालं आहे. कोणी तुमचं नाव खोडून दुसरं दिलं तर रागावू नका. पटलं तर आपली ओळख बदला, नाही पटलं तर कारण लिहून तशीच ठेवा.

जुने फोटो

नव्या फोटोंची सवय झाली की हार्ड डिस्कवरचे जुने काढा. पाच-दहा वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीइतकीच मोलाची असते. ज्या माळावर आता प्लॉट पडले आहेत तिथे पूर्वी काय होतं, ते अशाच फोटोंतून कळतं. संगणकावरून एका वेळी बरेच फोटो ओढून टाकता येतात. एका वेळी एकच सहल घ्या, एकाच जीवाचे फोटो एकमेकांवर सरकवून एकत्र करा, तारखा नजरेखालून घाला. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने भरू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा चुकलेलं होतं असं आठवत असेल तर त्याच दिवशीचा सोबत्यांचा एखादा फोटो शोधा, बरोबर तारीख बहुतेक वेळा त्यांच्या फोनमध्ये सापडते.